दुसरा घाणा

चकलीचा पहिला घाणा कधी धड उतरत नाही, असा आमच्या घरचा जुना अनुभव आहे. तेल एक तर फार तापलेले असते, नाही तर पुरते तापलेले नसते; मोहन कमी पडले की चकलीचा दगड होतो आणि जास्त झाले की ती तेलातच विरघळते. आई त्या पहिल्या घाण्याकडे न्यायाधीशाच्या नजरेने पाहते, एक तुकडा मोडून तोंडात टाकते, पिठाला पाण्याचा एक हबका मारते आणि सोऱ्या पुन्हा भरते. मग दुसरा घाणा उतरतो तो काटेदार, खमंग आणि खुसखुशीत. पाहुण्यांच्या डब्यात मानाने जातो तो हा दुसरा घाणा. पहिला जातो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळणाऱ्या पोरांच्या हातात. आणि गंमत अशी की, जन्मभर आठवणीत राहते ती मात्र त्या बिघडलेल्या, जीभ भाजणाऱ्या पहिल्या घाण्याचीच चव!

यंदा या घाण्यांपाशी बसूनच आमच्या घरात एक वाद पेटला. वादाचा विषय मात्र चकलीइतका सात्त्विक नव्हता. 'टर्मिनेटर' या इंग्रजी चित्रपटाचा पहिला भाग चांगला की दुसरा, हा तो विषय. दिवाळीच्या अंकात बंदुका आणि यंत्रमानव कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले असते. पण सणाच्या दिवसांत घरातली माणसे एकत्र येतात, तेव्हा ती कशावरून भांडतील आणि त्या भांडणातून कोणती जुनी पेटी उघडेल, हे कोणाच्या हातात असते?

झाले असे की, आमचे चिरंजीव सुट्टीला घरी आले. संगणकाला शिकवून शहाणे कसे करावे, अशी काहीतरी विद्या ते सध्या शिकत आहेत. वसुबारसेच्या आधीच्या दोन रात्री त्यांनी घरातल्या मोठ्या पडद्यावर या चित्रपटाचे पहिले दोन भाग ओळीने लावले. मी पहिल्याच्या बाजूचा. चिरंजीव दुसऱ्याच्या बाजूचे. सौभाग्यवती नेहमीप्रमाणे तटस्थ, म्हणजे चिरंजीवांच्या बाजूच्या.

माझ्या पक्षपाताला कारण आहे. ते सांगायचे तर मला १९८७ सालच्या दिवाळीत जावे लागेल.

आम्ही तेव्हा चिंचवडला एका कामगार वसाहतीत राहत होतो. दिवाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा, मैदानात टेबलावर मांडायचा आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट पाहायचे, अशी पद्धत होती. पहिला मान आजीबायांचा, म्हणून एक पौराणिक. मग सगळ्यांसाठी एक हिंदी. आणि बायकामाणसे उठून गेली, लहान मुले सतरंजीवरच पेंगली की, उत्तररात्री उडाणटप्पू पोरांसाठी एक इंग्रजी. त्या वर्षीची तिसरी कॅसेट 'टर्मिनेटर'ची होती. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो.

इंग्रजी आमच्यातल्या कोणालाच कळत नव्हते; पण त्या चित्रपटाला इंग्रजीची फारशी गरजही नव्हती. २०२९ सालातून एक यंत्र १९८४ सालच्या लॉस एंजेलिस शहरात येते. वरून माणसाचे कातडे, आत पोलादी सांगाडा. पुढे यंत्रांविरुद्ध माणसांचे नेतृत्व करणार आहे तो मुलगा जन्मालाच येऊ नये, म्हणून त्याच्या आईला, सारा कॉनर नावाच्या एका हॉटेलात वाढप करणाऱ्या साध्या मुलीला, ते मारायला निघते. टेलिफोनच्या पुस्तकात त्या नावाच्या जितक्या बायका असतील तितक्या ते ओळीने मारत सुटते. तिला वाचवायला त्याच भविष्यातून काइल रीस नावाचा एक सैनिकही आलेला असतो. यंत्राचे काम अर्नोल्ड श्वार्झनेगर या धिप्पाड नटाने केले होते. त्याच्या तोंडी वाक्ये मोजकीच, आणि तीही अशी सपाट की, आमच्या वसाहतीतल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी ती सगळी अर्थ न कळता पाठ म्हणून दाखवली.

हा चित्रपट गरिबीत जन्मला, हे मी पुढे वाचले. जेम्स कॅमेरॉन हा त्याचा दिग्दर्शक तेव्हा तिशीत होता आणि त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. रोममध्ये तो तापाने फणफणून पडला असताना त्याला स्वप्न पडले: आगीतून एक धातूचे अर्धे धड हातातल्या सुऱ्यांच्या आधाराने सरपटत बाहेर येत आहे. त्या स्वप्नातून ही कथा निघाली. आपल्यालाच दिग्दर्शन करू द्यावे, या अटीवर त्याने कथेचे हक्क एका डॉलरला विकले. सगळा चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलरांत झाला. हॉलिवुडच्या हिशेबात ही हातखर्चाची रक्कम. शेवटी सांगाडा चालत येतो तो कोठे बाहुली हलवून, तर कोठे एकेक चित्र घेऊन चालवलेला. त्याची चाल अडखळती आहे, हे आज लहान मूलही ओळखील. पार्श्वसंगीतात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा जो ठोका सारखा वाजतो, तो ब्रॅड फिडेल या संगीतकाराने चक्क बिडाचा तवा बडवून मिळवला होता. ही माहिती मी आईला सांगितली, तेव्हा या चित्रपटाविषयी तिचे मत एकदम सुधारले.

पण त्या रात्री आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. आम्ही भ्यालो होतो, एवढेच. भुताची भीती वेगळी असते; भुताला निदान काहीतरी हवे असते, ते नारळावर, लिंबावर समजूत काढून घेते. या यंत्राला काहीच नको होते. ते रागावत नव्हते, दमत नव्हते, हसतही नव्हते. नुसते येत होते. पेट्रोलच्या टँकरबरोबर जळाले तरी कातडे गळून सांगाडा येत होता. काइलने आपला जीव देऊन त्याचे दोन तुकडे केले, तरी वरचा तुकडा हातांनी सरपटत येत होता. पायाला जखम झालेली सारा एका कारखान्यात त्याच्यापुढे सरपटत पळते, एका प्रेसच्या पोटातून पलीकडे जाते आणि ते मागोमाग आत शिरते. त्याची पोलादी बोटे तिच्या गळ्यापर्यंत पोचतात. ती चाचपडत बटण शोधते, दाबते आणि प्रेस खाली येते.

मैदानात शिट्ट्यांचा पाऊस पडला. मी मागे वळून पाहिले तर अण्णा उभे होते.

माझे वडील एका कारखान्यात प्रेसवर काम करत. सुट्टीआधीची शेवटची दुसरी पाळी बाराला सुटली होती. जेवून, हातपाय धुऊन ते केव्हा येऊन मागे उभे राहिले होते, कोणास ठाऊक. शिट्ट्या थांबल्या तेव्हा ते म्हणाले, ''बटण एकच आहे.''

मी विचारले, ''म्हणजे?''

''प्रेसला दोन बटणे पाहिजेत. दोन्ही हात बाहेर असले तरच ती खाली यावी.'' मग थोड्या वेळाने, जणू त्या चिरडलेल्या सांगाड्याची बाजू घ्यावी तसे ते म्हणाले, ''मशीनला राग नसतो रे. आत पत्रा आहे की बोट, ते त्याला कळत नाही.''

अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापासून नव्हती. मी सहा वर्षांचा असताना ती प्रेसमध्ये गेली. त्या प्रेसला तेव्हा पायाचे पेडल होते; दोन बटणे नंतर आली. बरे झाल्यावर अण्णा त्याच प्रेसवर पुन्हा उभे राहिले आणि निवृत्त होईपर्यंत राहिले. त्याविषयी ते घरात कधी बोलले नाहीत. एकंदरीत ते बोलतच कमी. त्यांनी मला कधी मारले नाही आणि कधी जवळ घेतल्याचेही आठवत नाही. ठरल्या वेळी जात, ठरल्या वेळी येत. आज लिहायला संकोच वाटतो, पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर पडद्यावरच्या त्या न हसणाऱ्या चेहऱ्यात मला वडिलांचा चेहरा दिसला होता.

दुसरा भाग १९९१ साली निघाला. तो मी पाहिला तेव्हा मुंबईत शिकत होतो. चांगल्या थेटरात, गार हवेत, मऊ खुर्चीत बसून पाहिला. आता दिग्दर्शकाच्या हाताशी सुमारे १० कोटी डॉलर होते. तोपर्यंत एवढा खर्चाचा चित्रपट कोणी काढला नव्हता म्हणतात. पहिला भाग जवळजवळ सगळा रात्रीचा. दुसऱ्यात लख्ख ऊन. पहिल्यात शत्रू लोखंडाचा ठोकळा. दुसऱ्यात तो पाऱ्यासारखा द्रवरूप. रॉबर्ट पॅट्रिक या सडसडीत नटाने केलेले ते टी-१००० नावाचे यंत्र पोलिसाच्या वेषात हिंडते, गजांच्या दारातून आरपार जाते, फरशीतून माणूस होऊन उगवते. संगणकाने काढलेली असली चित्रे तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती. या भागाला चार ऑस्कर मिळाली, ती अशाच कारागिरीची.

आणि मला तो आवडला नाही! कारण त्यात माझ्या राक्षसाला दाई करून टाकले होते. तोच श्वार्झनेगर, तेच पोलाद. पण आता तो त्या दहा वर्षांच्या मुलाला, जॉनला, वाचवायला आलेला. सुरुवातीला गुलाबांच्या खोक्यातून बंदूक काढून तो मुलावर रोखतो तेव्हा क्षणभर जुनी भीती वाटते. पण तो मुलाला खाली वाकायला सांगतो आणि गोळी झाडतो ती मागच्या पोलिसावर. मग मुलगा त्याला ताकीद देतो, माणसे मारायची नाहीत. हे म्हणजे वाघाला शेवग्याची शेंग खायला घालण्यासारखे झाले. शिवाय शेवटी पोलादाच्या भट्टीपाशी त्या यंत्राचा हात एका मोठ्या दातेरी चक्रात अडकतो आणि ते स्वतःच लोखंडी दांड्याने तो हात तोडून मोकळे होते. तेवढा वेळ मी पडद्याकडे पाहिलेच नाही.

शनिवारी घरी गेलो. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. ते म्हणाले, ''त्या मशीनचा दुसरा भाग आलाय म्हणे. कसा आहे?''

अण्णांनी आपण होऊन मला काही विचारावे, असे वर्षातून दोनदा घडत असेल. मी म्हणालो, ''तुम्हाला नाही कळायचा, अण्णा. सगळे कॉम्प्युटरचे काम आहे त्यात.''

''बरं,'' ते म्हणाले आणि पेपरचे पान उलटले. पुन्हा त्यांनी त्याविषयी विचारले नाही. त्यांना जाऊन आता बारा वर्षे झाली. दुसरा भाग त्यांनी कधी पाहिला नाही.

म्हणून परवा चिरंजीवांनी तो लावला तेव्हा मी काहीसा नाइलाजानेच बसलो. पण तीसेक वर्षांत चित्रपट तोच राहिला तरी पाहणारा तोच राहत नाही. मी या वेळी यंत्राकडे पाहतच नव्हतो. मी साराकडे पाहत होतो.

पहिल्या भागातली सारा आठवा. गोंधळलेली, हसरी, स्कूटरवरून कामाला जाणारी मुलगी. दुसऱ्या भागात लिंडा हॅमिल्टन याच नटीने तिचे काम केले आहे, पण ओळख पटत नाही. वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली, उलट्या केलेल्या खाटेला लोंबकळून दंड कमावणारी, डोळ्यांत झोप नसलेली बाई. पुढे काय होणार हे तिला ठाऊक आहे, २९ ऑगस्ट १९९७ या दिवशी जग जळणार आहे हेही ठाऊक आहे, आणि ऐकून घेणारे कोणी नाही. मुलगा त्या यंत्राला बरोबर घेऊन, जिवावर उदार होऊन तिला सोडवायला येतो. गाडीत ती त्याला जवळ ओढते. मुलाला वाटते, आई कुशीत घेते आहे. पण तिचे हात त्याच्या अंगावर जखमा शोधत असतात. जखम नाही हे कळल्यावर ती त्याला झापते: माझ्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही, कारण तू महत्त्वाचा आहेस! मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. आणि त्या डोळ्यांना काय झाले, असे विचारते ते यंत्र.

इथे मी चिरंजीवांना चित्रपट थांबवायला सांगितला. पाणी प्यायचे निमित्त केले.

मला काय आठवले ते सांगतो. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला की अण्णा मध्यरात्री येत. मी अर्धवट झोपेत असे. हातपाय धुतलेला तो थंड, खरखरीत हात अंधारात माझा हात शोधी आणि एकेक बोट चाचपून बघे. आधी डावा हात, मग उजवा. मग पांघरूण नीट केले जाई आणि पावले दूर जात. मला वाटे, ही तपासणी आहे: नखे वाढली आहेत का, दिवसा कुठे मारामारी केली आहे का. मी झोपेचे सोंग घेऊन पडून राही. इतकी वर्षे मी ती तपासणीच समजत होतो. परवा त्या बाईचे हात पाहिले आणि मला कळले की, अण्णा माझी बोटे मोजत होते.

मीही काही निराळे केले नाही. चिरंजीवांच्या भविष्याची काळजी मी इतकी वाहिली, परीक्षा आणि वर्ग यांची अशी पक्की तटबंदी बांधली की, आतला मुलगा कसा आहे हे विचारायला सवड झाली नाही. प्रश्नपत्रिकेत जखमा शोधत राहिलो. सारासारखेच मलाही वाटे, संकट येते आहे आणि ते फक्त मला दिसते आहे.

मग मी चित्रपटाचा पुढचा भाग नीट, विद्यार्थ्यासारखा पाहिला. वाळवंटात सारा त्या यंत्राला आपल्या मुलाशी खेळताना न्याहाळते आणि मनाशी म्हणते की, बाप होऊ पाहणाऱ्या इतक्या पुरुषांत या कामाला पुरे पडले ते हे यंत्रच. ते त्याला कधी सोडून जाणार नाही, पिऊन येणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. हे ऐकायला गोड वाटते. पण एका आईने हे यंत्राविषयी म्हणावे, यात माणसांची केवढी नाचक्की आहे! आणि लगेच पुढे ती काय करते? ते भयंकर यंत्र ज्याच्या संशोधनातून जन्मणार, त्या माइल्स डायसन नावाच्या शास्त्रज्ञाला मारायला एकटी निघते. पहिल्या भागात यंत्राच्या बंदुकीतून निघालेला तांबडा किरण साराच्या कपाळावर स्थिरावला होता. दुसऱ्या भागात तसाच तांबडा ठिपका साराच्या बंदुकीतून त्या शास्त्रज्ञाच्या पाठीवर सरकतो. घरात त्याची बायको आहे, लहान मुलगा आहे. ती गोळ्या झाडते, घरात शिरते, जखमी माणसावर पिस्तूल रोखते आणि तिचा हात थांबतो. ती खाली बसून रडते.

मी तरुणपणी म्हणत होतो, दुसऱ्या भागात भीती उरली नाही. भीती होती, ती जागा बदलून बसली होती. पहिल्या भागात यंत्र माणसाचे कातडे घालून येते. दुसऱ्यात माणूसच हळूहळू आतून पोलादाचा होतो आणि ते बाहेरून दिसत नाही. यंत्राने दया शिकावी आणि माणसाने ती विसरू नये, अशा दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या समोरून चालत येतात.

आणि ते बटण! पहिल्या भागाच्या शेवटी सारा बटण दाबते आणि शत्रू चिरडला जातो. प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात. पण त्या चिरडलेल्या यंत्राचा एक हात आणि डोक्यातली एक चकती तशीच उरते. ती एका कंपनीच्या कपाटात जाते आणि डायसनचे सगळे संशोधन त्या उरल्यासुरल्यावरच उभे असते. म्हणजे पहिल्या विजयाच्या उष्ट्यातूनच दुसरे संकट शिजलेले असते. म्हणून दुसऱ्या भागाच्या शेवटी तो हात आणि ती चकती भट्टीत टाकतात. मग यंत्र सांगते, आणखी एक चकती शिल्लक आहे, माझ्या डोक्यातली. आणि मला स्वतःचा नाश करता येत नाही. माणसे का रडतात ते आता मला कळले, असे ते मुलाला म्हणते. आणि सारा पुन्हा बटण दाबते. तीच बाई, तसेच बटण, तसाच चेहरा. पण आता खाली जातो तो मित्र. या वेळी शिट्टी वाजवायची कोणाची छाती होत नाही. वितळलेल्या पोलादात बुडताना ते यंत्र मुलाला निरोप म्हणून अंगठा उंच करून दाखवते. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे ऐनवेळी फसवणे. दिलेला शब्द पाळून कोणी अंगठा दाखवल्याचे हे एवढेच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

एवढे झाले तरी मी हार मानली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चकल्यांना बसली, सौभाग्यवती सोऱ्या दाबू लागल्या, आणि आम्ही बापलेक कढईच्या दोन बाजूंना वादाला बसलो.

मी म्हणालो, ''पहिला भाग प्रामाणिक आहे. त्यात एक सणसणीत वर्तुळ आहे. वाचवायला आलेला काइलच त्या मुलाचा बाप ठरतो. ज्या फोटोवर तो भाळलेला असतो तो फोटो शेवटच्या प्रसंगात काढला जातो. समोर वादळ दिसत असते आणि सारा त्याच्याकडे गाडी हाकते. कर्माचा सिद्धांत याहून वेगळा काय आहे?''

''पण बाबा, सगळे आधीच ठरलेले असेल तर माणसाने करायचे काय?'' चिरंजीव म्हणाले. ''दुसऱ्या भागात सारा टेबलावर सुरीने कोरते, नशीब असे काही नसते म्हणून. आणि मला सांगा, यंत्र काय शिकते ते त्याला शिकवणाऱ्यावर नाही का? पहिल्याला मारायला शिकवले, दुसऱ्याला वाचवायला. मी आता हेच शिकतोय. रोज मला वाटते, हा प्रश्न त्या चित्रपटाने तेव्हाच विचारला होता.''

''मग तो भट्टीतला हात?'' मी शेवटचे अस्त्र काढले. ''चक्रात अडकून तुटलेला. तो तर भट्टीत कोणी टाकलाच नाही. तिथेच राहिला!''

चिरंजीव हसले. ''हो, ती चूक आहे. पण बाबा, तुम्ही त्या वेळी मान खाली घातली होती. तुम्हाला कसे कळले?''

याचे उत्तर मी दिले नाही. तुटलेल्या बोटांचे पुढे काय होते, हा प्रश्न मी सहाव्या वर्षी आईला विचारला होता आणि तिने मला खेळायला बाहेर पाठवले होते.

पुढचे घाणे कसे निघाले, यावर मात्र आम्हां दोघांचे एकमत झाले. २००३ साली तिसरा भाग आला आणि त्याने सांगितले की, संकट टळले नव्हते, नुसते लांबणीवर पडले होते. मग २००९, २०१५ आणि २०१९. शेवटच्यात तर त्या वाचवलेल्या पोराला सुरुवातीलाच मारून टाकले आहे. एकदा वापरलेल्या तेलात पुन्हा पुन्हा तळले की पदार्थाला जो वास येतो, तो या सगळ्यांना आहे. जगबुडीची ती १९९७ सालची तारीख आली आणि गेलीही. शुक्रवार होता, आणि अण्णा नेहमीप्रमाणे पाळीला गेले होते.

''आजी, तूच सांग आता,'' चिरंजीवांनी फिर्याद वरच्या कोर्टात नेली. ''पहिला चांगला की दुसरा?''

आईला वाटले, चकलीविषयी चालले आहे. झाऱ्याने घाणा उलटत ती म्हणाली, ''पहिल्यात तेलाची परीक्षा होते रे. तो आपला आपणच खायचा. दुसरा लोकांना द्यायचा.''

मला वाटते, निकाल तिने बरोबर दिला. पहिला भाग मी माझ्यासाठी ठेवला आहे. तो मैदानातल्या अंधाराचा, चौदाव्या वर्षाच्या भीतीचा आहे आणि तो कोणाला देता येत नाही. दुसरा द्यायचा होता. शनिवारच्या त्या दुपारी ओट्यावर तो मागितला गेला होता आणि मी दिला नाही. अण्णांना तो कळला असता. मशीनला राग नसतो, हे ज्याला बोटे देऊन कळले होते, त्याला मशीन माया शिकते ही गोष्ट माझ्यापेक्षा कितीतरी आधी कळली असती.

इतक्यात दुसऱ्या घाण्यातली चकली उचलायला चिरंजीवांनी हात घातला आणि ''आई गं!'' करून मागे घेतला. 'सांगितले होते ना!' हे वाक्य माझ्या ओठांवर तयारच होते. गेली वीस वर्षे ते तिथेच राहत आले आहे. ते मी गिळले. त्याचा हात धरून नळाखाली नेला. पाणी सोडले. चटका फार नव्हता. तरी मी हात सोडला नाही; एकेक बोट चाचपून पाहिले.

''काय करताय, बाबा?''

''काही नाही,'' मी म्हणालो. ''पाच आहेत.''

आईने कढईवरून मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिले आणि तिसरा घाणा सोडला.